पाण्यातले नॅनोकण आणि इलेक्ट्रॉनांचा झोत

(नागपूर येथे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अंबाझरी तलावाच्या पाण्याचा एक थेंब नमुना ठेवायच्या बारीक जाळीवर वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात नॅनोकणांचे, म्हणजे मीटरच्या अब्जांश मापातल्या कणांचे, पुंजके दिसले, असे समजा. हे कण तलावातच एकमेकांना चिकटलेले होते, की थेंब आटताना एकत्र ओढले गेले? वाळलेल्या नमुन्याच्या चित्रातून याचे उत्तर मिळत नाही. ते हवे असेल तर कण ओल्या अवस्थेतच पाहावे लागतात.

नोल आणि रुस्का यांनी 1931 मध्ये बर्लिनला पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला, तेव्हापासूनची अडचण अशी की, इलेक्ट्रॉन हवेतल्या रेणूंवर आदळून विखुरतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या नळीत निर्वात लागतो आणि निर्वातात पाणी टिकत नाही. 25 अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब सुमारे 3.2 किलोपास्कल असतो. सभोवतालचा दाब त्याखाली गेला की पाणी त्याच तापमानाला उकळू लागते. मे महिन्यात आपल्या कूलरची टाकी ज्या वेगाने रिकामी होते, तो वेग यापुढे काहीच नाही. यावर शास्त्रज्ञ दुबोशे यांनी 1980 च्या दशकात काढलेला तोडगा म्हणजे स्फटिक बनायला उसंत न देता पाणी क्षणात गोठवणे. त्याच परंपरेतील कामासाठी त्यांना फ्रँक आणि हेंडरसन यांच्यासह 2017 चे नोबेल मिळाले. प्रथिनाची रचना हवी असेल त्याने आजही हीच वाट धरावी, असे माझे मत आहे. मात्र गोठलेल्या नमुन्यात पुढे काही घडत नाही.

घडताना पाहायचे तर पाणी बंदिस्त करावे लागते. फ्रान्सिस रॉस आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अशा कुपीत तांब्याचे कण विद्युतविलेपनाने, म्हणजे विजेने धातूचा थर चढवताना, वाढताना दाखवले. कुपी म्हणजे काही मिलिमीटरच्या दोन सिलिकॉन चकत्या. प्रत्येकीच्या मध्यभागी सिलिकॉन नायट्राइडचे, साधारण 50 नॅनोमीटर जाडीचे पटल असते; झोत आरपार जाण्याची खिडकी ती हीच. चिमट्याने चकती धरून तिच्यावर अगदी लहानसा थेंब ठेवायचा, दुसरी चकती वर बसवायची, रबरी कड्यांनी गळती रोखायची आणि सूक्ष्मदर्शकात घालण्याआधी वेगळ्या पंपावर गळतीची चाचणी घ्यायची. ही चाचणी टाळण्याचा मोह कोणी धरू नये. बाहेर निर्वात असल्यामुळे पटले फुगतात, मध्यभागी द्रवाचा थर जाड होऊन चित्र धूसर दिसते. म्हणून अनुभवी माणूस खिडकीचा कोपरा गाठतो. 2012 मध्ये नायट्राइडऐवजी ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूइतक्या पातळ कार्बनच्या, थरांत द्रव कोंडण्यात आला, तेव्हा पटलाच्या जाडीची अडचण जवळजवळ उरलीच नाही.

जैवरेणूंची गोष्ट अधिक अवघड आहे. प्रथिनातले कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन हे अणू पाण्यातल्या ऑक्सिजनपेक्षा फारसे वेगळे उठून दिसत नाहीत. सोन्याचा अणुक्रमांक मात्र 79 आहे; असा जड अणू इलेक्ट्रॉन जास्त विखुरतो, म्हणून पाण्यात उठून दिसतो. द योंग आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये नेमका याचा उपयोग केला. पेशीवरील वाढ-घटकाच्या ग्राहींना (वाढीचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना) 10 नॅनोमीटरचे सुवर्णकण जोडून त्यांनी संपूर्ण पेशी द्रवातच पाहिली आणि सुमारे 4 नॅनोमीटरचे विभेदन मिळवले, म्हणजे एवढ्या अंतरावरचे तपशील वेगळे दिसले. पेशी रसायनाने स्थिर केलेल्या होत्या आणि दिसत होते ते सोने, प्रथिन नव्हे, हे विसरता कामा नये.

आता मुख्य मुद्दा. झोत पाण्यातून जाताना पाण्याचे रेणू फोडतो. त्यातून मुक्त इलेक्ट्रॉन, हायड्रॉक्सिल मूलके आणि हायड्रोजन तयार होतात. हायड्रोजन साचला की बुडबुडा येतो. मुक्त इलेक्ट्रॉन धातूच्या आयनांचे क्षपण करतात, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन देऊन धातू बनवतात, आणि अशा रीतीने कण वाढवतात. 2009 मध्येच प्लॅटिनमचे कण कधी एकेक अणू जोडत, कधी परस्परांत मिसळत वाढताना प्रथम दिसले. पाहण्यासाठी वापरलेल्या झोतानेच ती वाढ सुरू केली होती. प्रथिनाची बारीक रचना दर चौरस नॅनोमीटरला काही हजार इलेक्ट्रॉन पडेपर्यंत उद्ध्वस्त होते आणि धातुकणांच्या चित्रणात एवढी मात्रा (म्हणजे दर चौरस नॅनोमीटरला पडलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या) बहुधा एका सेकंदाच्या आतच होते. म्हणून चलचित्र कितीही देखणे असो, मी आधी मात्रेचा आकडा विचारतो.

गतीचाही हिशेब करून पाहा. मोकळ्या पाण्यातला 10 नॅनोमीटरचा कण ब्राउनीय गतीने, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या सततच्या धक्क्यांनी, एका मिलिसेकंदात सुमारे 400 नॅनोमीटर सरकायला हवा. तो पडद्यावर सावकाश डुलताना दिसला, तर तो पटलाला धरून आहे असेच समजावे. आणि कण वाढलेले दिसले, तर चित्रण संपवण्यापूर्वी झोत न पडलेला खिडकीचा भाग कमी मात्रेत एकदा पाहून घ्यावा: तिथले कण जसेच्या तसे असतील, तर नोंदवहीत वाढीचे कारण म्हणून आधी झोत लिहावा, अभिक्रिया नंतर.