एकाच डब्यात दोन आयुष्यं

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘होम थिएटर रिसीव्हर : घ्यावा की न घ्यावा’. त्यावर मी येणारच आहे. पण आधी एक जुनं दुखणं बाहेर काढू द्या, त्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही. इथे जमलेल्यांना ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या खर्जासाठी एक सबवूफर, हे माहीत आहे असं धरून चालतो. नसेल तर शेजारच्याला विचारा. अशा सभेला येणारा माणूस ते सांगायला टपलेलाच असतो.

रिसीव्हर किती कामं करतो बघा. प्लेअर, गेम कन्सोल, सेट-टॉप बॉक्स, सगळ्यांच्या तारा त्याच्या पाठीत. टीव्हीवर कोणाचं चित्र दिसायचं ते तो ठरवणार. डॉल्बी किंवा डीटीएस या पद्धतींनी बांधून आलेला आवाज तो उलगडणार, पाच-सात-नऊ स्पीकरांत वाटणार, खोलीप्रमाणे दुरुस्त करणार आणि शेवटी प्रत्येक स्पीकरला ताकद पुरवणार. यातलं शेवटचं काम अ‍ॅम्प्लिफायरचं. चांगला अ‍ॅम्प्लिफायर वीस वर्षं सहज चालतो, स्पीकर त्याहून जास्त. वरची बाकीची सगळी कामं मात्र कॉम्प्युटरची आहेत, आणि कॉम्प्युटर पाच-सहा वर्षांत शिळा होतो. माझं म्हणणं एवढंच, की ही दोन वेगवेगळी आयुष्यं कंपन्यांनी एका डब्यात स्क्रू मारून बसवली आहेत. कॉम्प्युटर शिळा झाला की धडधाकट अ‍ॅम्प्लिफायरही त्याच्याबरोबर माळ्यावर जातो.

आता दुखणं. माझ्याकडे एक रिसीव्हर होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या काळात बऱ्याच जणांनी हेच केलं. खोक्यावर तळहाताएवढ्या अक्षरांत ‘४के’, म्हणजे एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र. मी म्हटलं, झालं, आता दहा वर्षं बघायला नको. पुढे २०१६मध्ये ४के ब्ल्यू-रे डिस्क आल्या. प्लेअर आणला, जोडला, आणि पडदा काळा. म्हणजे मेनू दिसायचा, डिस्क सुरू केली की काळोख. तार बदलली. टीव्ही बंद-चालू केला. मदतकेंद्राला फोन केला, तर त्यांनीही टीव्ही बंद-चालू करायला सांगितलं. मग कळलं ते असं : चित्राची चोरी होऊ नये म्हणून एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. ४केसाठी त्याची २.२ ही नवी आवृत्ती आली. प्लेअरपाशी ती होती, टीव्हीपाशी होती, मधल्या डब्यात नव्हती. आणि हे कुलूप चिपमध्येच असल्यामुळे सॉफ्टवेअर अपडेटने काही होणार नव्हतं. डब्यातून ४के चित्र जात होतं हे खरं, पण ज्यासाठी घेतला नेमकं तेच जात नव्हतं. जाहिरात खोटी म्हणता येत नाही आणि खरीही म्हणवत नाही.

प्लेअर बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, बरं का. म्हणून त्या पिढीतल्या बऱ्याच प्लेअरांच्या पाठीमागे एचडीएमआयची, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या तारेची, दोन भोकं असायची : एकातून चित्र सरळ टीव्हीला, दुसऱ्यातून नुसता आवाज रिसीव्हरला. म्हणजे ज्या यंत्राने सगळं एकत्र करायचं, त्यालाच वळसा घालण्याची सोय नव्या यंत्रात करावी लागली. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण २०२०मध्ये पुन्हा तेच. एचडीएमआय २.१ची नवी चिप घातलेले रिसीव्हर आले, आणि नव्या गेम कन्सोलवरून ४के, १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा बदलणारं चित्र पाठवलं की काहींवर पडदा काळा. मग कोणी बाहेरून जोडायचा जादा डबा दिला, कोणी आतला बोर्ड बदलून दिला. डब्याला डबा! तुम्ही हसताय, म्हणजे तुमच्यापैकी कोणाकडे तो नाही.

याच्या जोडीला रिमोटचा प्रकार आहेच. टीव्ही लावला की रिसीव्हर आपोआप जागा होणार, अशी एक सोय असते. ती कधी कधी उलटीही चालते : तुम्ही नुसतं गाणं लावायला रिसीव्हर सुरू करता आणि टीव्ही दचकून उठतो. अशा घरात टीव्ही लावता येणारं एकच माणूस असतं. ते बाहेरगावी गेलं की फोन सुरू : ‘चित्र आलंय, आवाज नाही.’ मग तिकडून सांगायचं, ‘इनपुट दाबा. नाही, त्याच्या वरचं. आता थांबा.’ असून अडचण, नसून खोळंबा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, ‘वीस मिनिटं’. ती झाली की राहिली, हे लिहिलेलं नाही. राहिली असंच धरतो आणि वॉटवर दोन मिनिटं घेतो, कारण खरेदीला गेलेला माणूस पहिला तोच आकडा वाचतो.

एकाच यंत्राच्या माहितीपत्रकात एका ओळीत ८० वॉट आणि दुसऱ्या ओळीत दीडशेच्या वर असं सापडतं. दोन्ही मोजलेले असतात. ८० हा आकडा ८ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत विरोध), २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ म्हणजे ऐकू येणारा सगळा पट्टा, दोन चॅनल (म्हणजे दोन स्पीकरांच्या वाटा) चालू आणि विकृती, म्हणजे आवाजातला बिघाड, ०.०८ टक्के, असा. मोठा आकडा ६ ओहमवर, फक्त १ किलोहर्ट्झचा सूर, एकच चॅनल आणि विकृती १० टक्के. दहा टक्के विकृती म्हणजे कानाला सरळ फाटका आवाज. खोक्यावर कोणता छापतात ते सांगायला नको. हा खेळ जुना आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर १९७४मध्ये नियम केला आणि २०२४मध्ये मोजणीच्या अटी पुन्हा आवळाव्या लागल्या. गंमत म्हणजे एवढं करून मिळतं काय? वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे थोडासा. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला एक वॉट दिला तरी एक मीटरवर ८८ डेसिबल येतो, आणि तेवढ्यावर घरातले बाकीचे ‘कमी कर’ म्हणतात. तेव्हा ८० आणि १०० वॉटमध्ये निवड करताना झोप उडवून घेऊ नका.

दुसरी चिठ्ठी. आता राहिली पाच. तेव्हा ज्यासाठी बोलावलंत ते धावत-पळत.

रिसीव्हर घेण्याच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खोली. डावा स्पीकर तीन मीटरवर आणि उजवा दोनवर असेल, तर उजव्याचा आवाज सुमारे तीन मिलिसेकंद आधी पोचतो आणि सगळा प्रसंग उजवीकडे सरकतो. रिसीव्हर उजव्याला तेवढं थांबवतो. सोबत एक छोटा मायक्रोफोन येतो, तो बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग एकेक स्पीकर खालून वर चढणारी शिट्टी घालतो आणि डबा अंतर, पातळी, खोलीचा घुमारा मोजतो. त्या वेळी पंखा बंद ठेवा आणि घरच्यांना गप्प बसवा. शेवटी पडद्यावर सबवूफरचं अंतर फुटपट्टीने मोजलं त्यापेक्षा बरंच जास्त दिसेल. ते ‘सुधारू’ नका. सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. सुधारायचं ते दुसरंच : मोठे स्पीकर दिसले की डबा त्यांना ‘लार्ज’ ठरवतो. ते ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली वाटणीची रेघ, ८० हर्ट्झवर ठेवा, खालचा खर्ज सबवूफरकडे जाऊ द्या. संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रारही इथेच मिटते. बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून येतात. त्याची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवता येते, नुसत्या टीव्हीवर तसं करता येत नाही.

विरुद्ध बाजू वर सांगून झाली. त्यात भर एवढीच, की पाठीमागे स्पीकर ठेवायला जागा नसेल आणि घरचे भिंतीवरून तारा नेऊ देणार नसतील, तर रिसीव्हर घेऊन उपयोग नाही. चांगला साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची एकच लांब स्पीकरपट्टी, घ्या. फक्त संगीत ऐकायचं असेल तर दोन चॅनलचा अ‍ॅम्प्लिफायर बरा, आता त्यातल्या काहींना एचडीएमआयही असतं.

आणि घ्यायचाच ठरला तर दोन गोष्टी पाहून घ्या. पहिली ई-आर्क, म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआयच्या तारेने उलटा रिसीव्हरकडे आणण्याची सोय, टीव्हीवरही आणि डब्यावरही. सगळी यंत्रं टीव्हीला जोडा आणि नुसता आवाज एका तारेने रिसीव्हरकडे परत आणा. चित्र डब्यातून जातच नाही, मग उद्या कुठलंही नवं कुलूप येवो, ते टीव्हीने बघावं. साधा, म्हणजे जुना आर्क असेल तर स्ट्रीमिंगवरचा अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा डॉल्बीचा आवाज) चालतो, पण ब्ल्यू-रेवरचा ट्रूएचडी (डॉल्बीचाच, दर्जा न घटवता बांधलेला आवाज) त्यातून येत नाही. काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, तेही आधी विचारा. दुसरी गोष्ट प्री-आउट, म्हणजे ताकद मिळण्याआधीचा आवाज बाहेर काढायची भोकं, निदान पुढच्या तीन चॅनलना. म्हणजे ताकदीचं काम वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे देता येतं, आणि डब्यातला कॉम्प्युटर शिळा झाला की तेवढाच बदलायचा.

हो, हो, संपवतो. डब्याच्या वरची जाळी झाकू नका, कपाटात कोंडू नका, वर हातभर मोकळी जागा ठेवा. आणि तुमच्या टीव्हीच्या पाठीमागे कुठल्या भोकाशेजारी ‘ई-आर्क’ लिहिलंय ते घरी गेल्यावर बघा. बहुतेक टीव्हींवर ते एकाच भोकाला असतं.