इवल्याशा होडीच्या नाळेवरची खाच

नमस्कार मंडळी. मला चाळीस मिनिटं दिलीयत, त्यातली दहा तर माईक सुरू होईपर्यंतच गेली, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. म्हणजे येणारच आहे, पण आधी एक प्रसंग सांगू द्या, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मुलीकडे सिएटलला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. एका म्युझियममध्ये, नाव घेत नाही, काचेच्या पेटीत एक लाकडी होडी होती, हातभर लांबीची. खाली चिठ्ठी : 'खेळणं. कारागीर अज्ञात.' बस, एवढंच! मी तिथेच उभा राहिलो, मुलगी म्हणते बाबा चला, कॅफे बंद होईल, पण मी हलेना, कारण त्या होडीच्या नाळेवर, आपल्याकडे कोकणात होडीच्या पुढच्या टोकाला नाळच म्हणतात ना, तर त्या नाळेवर बारीकशी खाच कोरलेली होती. तिथल्या बाईंना विचारलं, ही खाच कशाला? त्या म्हणाल्या, डेकोरेशन असेल. मला रात्रभर झोप नाही.

आता ही खाच कशाची ते ऐका. अमेरिकेच्या वायव्य टोकाला केप फ्लॅटरी आहे, तिथे निआ बे गावात मकाह लोक राहतात. समोर व्हँकूव्हर बेटावर त्यांचेच भाऊबंद, नू-चा-नुल्थ. हे लोक देवमाशाच्या शिकारीला आठ जण बसतील अशी होडी घेऊन उघड्या समुद्रात जायचे. लाल सीडर नावाच्या झाडाचा एकच ओंडका कोरायचा, आत पाणी भरून तापलेले दगड टाकायचे, लाकूड मऊ झालं की बाजू फाकवायच्या, मग नाळ आणि पिछाडीचे तुकडे वेगळे कोरून जोडायचे. भालाईत पुढे उभा. भाल्याच्या दोराला सीलच्या कातड्याचे हवा भरलेले फुगे बांधलेले, म्हणजे मासा बुडी मारून दमतो. आणि मासा मेला की एक जण पाण्यात उडी मारून त्याचं तोंड शिवायचा, नाहीतर पाणी भरून तो तळाला जाणार. त्या गार समुद्रात! मला तर विचारानेच हुडहुडी भरते. तर नाळेवरच्या खाचेत टेकायचा तो भाला.

मग मला सांगा, हातभर होडीतून कोण भाला फेकणार आहे? तरी कोरणाऱ्याने खाच सोडली नाही. हे नुसतं खेळणं कसं?

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत म्हणे. बरं, मग भराभर सांगतो.

अमेरिकेच्या सरकारशी झालेल्या १८५५ च्या करारात मकाह लोकांनी देवमाशाच्या शिकारीचा हक्क लिहून घेतला होता. पण त्याआधीच देवीच्या साथीने गावंच्या गावं ओस पडली होती, मग व्यापारी जहाजांनी मासे इतके मारले की १९२० च्या दशकात मकाह लोकांनी स्वतःच शिकार थांबवली. मोठ्या होड्यांची गरज कमी होत गेली, छोट्या मात्र कोरल्या जात राहिल्या, पोरांसाठी आणि बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीही. बघा, या छोट्या नमुन्यांत होडी लांबीला आखूड असते, पण नाळ भलतीच उंच, कारण कोरणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटत होतं ते तिथे दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की हातातली विद्या या छोट्या होड्यांनी सांभाळली, आणि आपण त्यांना खेळणी म्हणून बाजूला टाकतो.

नंतर १९७० ते ८१ ओझेटला, मकाह लोकांच्या जुन्या गावी, उत्खनन झालं, चिखलाखाली गाडलेल्या घरांतून पंचावन्न हजारांवर वस्तू मिळाल्या, त्यासाठी १९७९ मध्ये मकाह लोकांनी स्वतःचं म्युझियम उभारलं. १७ मे १९९९ ला त्यांनी पुन्हा सीडरच्या होडीतून जाऊन देवमासा मारला, पुढे कोर्टकचेऱ्या लागल्या, ते सगळं सांगायला आज वेळ नाही.

त्या खाचेचा फोटो मोबाईलमध्ये आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी चहाच्या टेबलापाशी या, झूम करून दाखवतो.