तिरफळे वाटायची नसतात

श्रोतेहो,

माझे माहेर अलिबागजवळचे, सासर मालवणचे आणि संसार इथे रत्नागिरीत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या तिन्ही ठिकाणी जेवण म्हणजे भात आणि मासळी, त्यामुळे आमचे लग्न ठरताना खाण्यापिण्यावरून काही अडेल असे दोन्ही घरांत कुणाच्या मनातही आले नाही. अडले ते लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात, आणि तेही बांगड्यावरून.

माझ्या माहेरी माशाचे कालवण करतात. भरपूर ठेचलेला लसूण, घरचा मसाला, चिंचेचा कोळ आणि भातावर धावेल असा पातळ रस्सा. नारळ घातलाच तर नावापुरता. मी तेच केले. यजमानांनी निमूटपणे दोनदा भात घेतला आणि हात धुताना म्हणाले, "चांगलं झालंय गं, पण हे बांगड्याचं नव्हे." बांगड्याचे म्हणजे तिखले, म्हणजे ओल्या खोबऱ्याचे मिरची आणि धणे घालून केलेले वाटप, आंबटाला कोकमाची सोले, अंगालगत दाट रस आणि वर तिरफळांचा वास. सासूबाईंना फोन केला तर प्रत्येक जिन्नसाचे प्रमाण "अंदाजान" एवढेच मिळाले. तेव्हापासून आमचे बाहेर जेवायला जाणे सुरू झाले. त्यात हौस नव्हती असे म्हणणार नाही, पण मुख्य काम शोधाचे होते.

तिरफळाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण माझी फजिती तिथेच झाली. हे काटेरी झाडाचे फळ, वाळले की मिऱ्याएवढे दिसते, उकलते आणि आत काळे चकचकीत बी असते. चिनी स्वयंपाकात जे सेच्वान मिरे वापरतात ते याच कुळातले, आणि जिभेला मुंग्या आणण्याचा गुणही दोघांचा सारखाच. मला यातले काही ठाऊक नव्हते. वाटपात सगळेच वाटतात, तर हेही वाटावे, म्हणून मी दहाबारा तिरफळे बियांसकट खोबऱ्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवली. त्या दिवशीचे तिखले कडू झाले आणि आम्हा दोघांच्या जिभा संध्याकाळपर्यंत बधिर राहिल्या. यजमान चहा प्यायले आणि म्हणाले, साखर घालायला विसरलीस. मी विसरले नव्हते.

पुढच्या खेपेला मालवणला गेलो तेव्हा बाजारापासून आत, एका घराच्या पडवीत चालणाऱ्या खानावळीत जेवलो. चार टेबले, पाटी नाही, आणि रांधणारी बाई वाढायलाही स्वतःच येणारी. तिचे तिखले खाल्ल्यावर मी उठून सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने माझी हकिगत ऐकली, पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "तिरफळां वाटूची नसतत गो बाये, चेचून वरसून घालूची." बी काढून टाकायचे, साल पाण्याच्या हबक्याने जराशी ओली करून चेचायची, रस उकळला की घालायची आणि खाताना बाजूला काढायची. एवढी एक गोष्ट मला कोणत्याही कृतीत लिहिलेली सापडली नव्हती, कारण ज्यांना ती येते त्यांना ती लिहावी असे वाटतच नाही.

त्या दारात मला आणखी दोन गोष्टी दिसल्या. मासा घातल्यानंतर तिने पातेल्यात डाव घातलाच नाही. दोन्ही कान फडक्याने धरून पातेले नुसते हिंदकळवले. बांगडा चारपाच मिनिटांत शिजतो आणि डाव लागला की तुटतो. दुसरे म्हणजे सोले तिने सढळ हाताने घातली. माशाच्या वासाला कारण असलेले द्रव्य आम्लारीधर्मी असते, आंबटाने ते बांधले जाते आणि वास बसतो. माझ्या माहेरी हेच काम चिंच करते. तिरफळही असेच कारणाने येते. बांगडा, तारली, पेडवे ही तेलकट मासळी, तिचा उग्रपणा तिरफळाने मोडतो. सरंग्याच्या कढीत ते घातले तर सरंग्याची स्वतःची नाजूक चवच हरवते.

सोलकढीचा प्रसंग मात्र पूर्णपणे माझ्या तर्कशास्त्राचा बळी. नावात कढी आहे, बाहेर धो धो पाऊस आहे, पाहुणे भिजून आलेले आहेत, तेव्हा गरम करून द्यावी हे मला स्वाभाविक वाटले. नारळाच्या दुधात आधीच कोकमाचे आंबट पडलेले, त्यात खालून आच. पाचव्या मिनिटाला पातेल्यात गुलाबी पाणी आणि वर तरंगणारा चोथा. यजमानांनी पाहुण्यांना ते "अलिबागकडचे सार" म्हणून वाढले आणि एका पाहुण्याने पुन्हा मागितले, हे आमच्या संसारातले अजून न मिटलेले कोडे आहे. पुढे बाहेर जेवताना मी सोलकढीचा रंग पाहू लागले. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची कढी फिकट गुलाबी दिसते, वाळल्या सोलांची किंचित तपकिरीकडे झुकते. पेल्यात एखाद्या लग्नातल्या शालूसारखा गडद रंग आला की त्यात बीट आहे असे मी समजते आणि ताक मागवते.

खानावळींविषयीही माझी एक तक्रार आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, पर्यटक वाढले आणि किनाऱ्यावर जिकडेतिकडे "अस्सल मालवणी" अशा पाट्या आल्या. त्यात वाईट काही नाही, कितीतरी घरांच्या चुली त्यावर चालतात. पण थाळीत सुरमई, पापलेट आणि कोळंबी हीच तीन नावे फिरू लागली, कारण पाहुण्याला तीच ठाऊक असतात. स्थानिक माणूस ज्यावर जीव टाकतो ती तारली, ते पेडवे, ती मुडदुशी थाळीच्या फलकावर क्वचितच दिसतात. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, आम्हाला "आत्ताच उतरलेली" म्हणून दिलेली सुरमई बर्फात दोनतीन दिवस मुरलेली होती. तुकडा बोटाने दाबला तर खड्डा तसाच राहिला. तेव्हापासून आम्ही फलक वाचत नाही. बाराच्या सुमारास जायचे, "आज काय गावला?" असे विचारायचे, आणि उत्तर देताना समोरच्याने आत डोकावून पाहिले तर बसायचे. फलकाकडे बोट दाखवले तर पुढचे दुकान पाहायचे.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत आमच्या घरी कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि भाजलेला सुका बांगडा असतो, आणि भांडणे कमी होतात.

यजमानांनीही माझ्या माहेरचे काही शिकावे म्हणून एका थंडीत आम्ही इथल्या अंगणात पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, अलिबागचे पांढरे कांदे, सगळे मडक्यात भरले. पण पोपटीला भांबुर्ड्याचा पाला लागतो आणि तो जवळपास मिळाला नाही. "पाला तो पाला," असे म्हणून यजमानांनी केळीची पाने कोंबली आणि वर तांब्याभर पाणीही ओतले. पोपटीत पाणी घालत नाहीत, ती पाल्याच्या ओलाव्यावरच वाफेत शिजते. आम्ही त्या रात्री उकडलेल्या शेंगा खाल्ल्या.

गेल्या दिवाळीनंतर मालवणला गेलो तेव्हा मी निघताना पहाटे तिखले केले, डब्यात भरले आणि त्या पडवीतल्या बाईपुढे नेऊन ठेवले. यजमान बाहेरच थांबले. अशा परीक्षेला आपण बसत नाही, म्हणाले. तिने झाकण काढले, वास घेतला, करंगळी बुडवून चाखली आणि थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "सोलां वायच कमी," म्हणाली. मग माझे तिखले तिने आपल्या पातेलीत ओतून घेतले, डबा विसळला आणि त्या दिवशीची तारली त्यात भरून माझ्या हातात दिला.