दाबलं की उजळतो तो क्रिस्टल

नमस्कार मंडळी, आज जरा दाबाबद्दल बोलूया. ब्लडप्रेशर नव्हे हं, क्रिस्टलवरचा दाब.

परळला टाटात पेट स्कॅन होतात ते बऱ्याच जणांना माहीत असेल, त्या मशीनच्या रिंगमध्ये छोटे छोटे क्रिस्टल बसवलेले असतात, गॅमा किरण आदळला की क्षणभर चमकतात. हेच सिंटिलेटर. जुना सोडियम आयोडाइडवालाही आहे, १९४८ पासूनचा, पण तो हवेतली ओल पितो, त्यामुळे आपल्या जुलैमध्ये सीलबंद डब्याबाहेर काढायची सोयच नाही.

आता असा क्रिस्टल जबरदस्त दाबला तर? दोन हिऱ्यांची टोकं समोरासमोर, मध्ये धातूच्या पातळ पत्र्याला केसाएवढं भोक, त्यात क्रिस्टलचा कण आणि सोबत माणकाचा एक तुकडा. स्क्रू फिरवायचा, बस्स. एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण १० हजार पट, आणि इथे असे दहा-वीस सहज गाठतात. माणिक कशाला म्हणाल, तर तोच मीटर! त्याचा लाल प्रकाश ६९४ नॅनोमीटरचा, दर गिगापास्कलला साधारण ०.३६ नॅनोमीटर सरकतो, तेवढा मोजला की दाब कळला. कण इतका बारीक की गॅमाऐवजी बहुतेक वेळा लेझरच मारतात.

सिरियम नावाचा धातू किंचित घातलेल्या गार्नेट (एक खनिजाच्या घडणीचा) क्रिस्टलमध्ये दाबाने अणू जवळ येतात, सिरियमच्या इलेक्ट्रॉनच्या वरच्या ऊर्जेच्या पातळ्या फाकतात, त्यातली सगळ्यात खालची आणखी खाली येते आणि प्रकाश लाल बाजूला झुकतो. इथपर्यंत ठीक, अपेक्षितच आहे. पण मला खरी गंमत वाटते ती गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटची. त्यात सिरियम घातलं तरी नेहमीच्या दाबाला उजेड जवळजवळ नाहीच, ठार काळोख. का, तर इलेक्ट्रॉन म्हणजे चाळीतलं पोरगं समजा आणि सिरियमची वरची पातळी म्हणजे वरची खोली; त्या खोलीतून पोरगं खाली उडी मारेल तेव्हा प्रकाश पडणार, पण इथे गच्चीच इतकी खाली आलेली की ते खोलीतून थेट गच्चीवर पळतं, खाली यायचं नावच नाही. गच्ची म्हणजे कंडक्शन बँड, जिथे इलेक्ट्रॉन क्रिस्टलभर मोकळा हिंडतो ती पातळी. दाब वाढवला की गच्ची वर जाते, खोली खाली येते, मग पोराला पळायला वाट उरत नाही आणि तो मेलेला क्रिस्टल चक्क उजळतो!

अर्थात हिऱ्यांचा प्रेस काही हॉस्पिटलात नेता येत नाही. तेच काम केमिस्ट लोक वेगळ्या वाटेने करतात, थोडं गॅलियम काढून जागी अॅल्युमिनियम घालतात, गच्ची तशीच वर जाते. मिळतो तो जीएजीजी (गॅडोलिनियम अॅल्युमिनियम गॅलियम गार्नेट), हिरवट पिवळा, गॅमाच्या एका एमईव्हीला (ऊर्जेचं एकक) ५० हजाराच्या आसपास फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, देणारा, आणि ओलीचंही काही टेन्शन नाही. हे क्रिस्टल आपल्या ट्रॉम्बेला, बीएआरसीमध्ये (भाभा अणुसंशोधन केंद्रात), वाढवलेत, म्हणजे चेंबूरच्या पलीकडेच की!