काळ्या दगडातला पांढरा ठिपका

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय "बेसाल्टमध्ये कार्बन साठवता येईल का", म्हणजे चिमण्यांतून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये, आपल्या या काळ्या दगडात, अडकवून ठेवता येईल का, त्यावर मी येणारच आहे, पण आधी हा दगड बघा. पहिल्या रांगेतून मागे पाठवत चला. काळा दगड आणि त्यात हरभऱ्याएवढे पांढरे ठिपके. आपल्याकडे याला मांजऱ्या म्हणतात, विहीर खणलेल्या प्रत्येकाला माहीत असणार.

हा पारनेर तालुक्यातल्या एका विहिरीचा. मी तेव्हा भूजलाच्या कामात नवीन होतो. विहीर चाळीस फुटांवर गेलेली, वरचा मुरूम संपून नुसता कठीण पाषाण, सुरुंगावर सुरुंग लावून विहिरीचे मालक तात्या अगदी मेटाकुटीला आलेले, आणि त्या दिवशी हा मांजऱ्या लागला. तात्या खूश, कारण मांजऱ्यात पाणी मिळायची आशा असते. दुपारी ढिगाऱ्याशेजारीच जेवायला बसलो, भाकरी, ठेचा, कांदा, लिंबू. मी एक पांढरा ठिपका खिळ्याने खरवडला, त्यावर लिंबाची फोड पिळली आणि तात्यांना म्हटलं, कान लावा. बारीक बारीक बुडबुडे, चुरचुर आवाज. तात्या म्हणाले, "साहेब, दगड उकळतोय की!" मी सांगितलं, हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय, आपण श्वासातून सोडतो तोच. त्यांनी लगेच विचारलं, "मग तो दगडात गेला कसा?"

मंडळी, माझं आजचं सगळं बोलणं म्हणजे तात्यांच्या या प्रश्नाचं उत्तर आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्यातून पाणी झिरपलं. कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी किंचित आंबट होतं, सोड्याची बाटली आठवा, ते आंबट पाणी दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह विरघळवतं, असं करता करता त्याचा आंबटपणा संपतो आणि मग कॅल्शियम नि कार्बन एकत्र येऊन पोकळीत कॅल्साइट नावाचं पांढरं खनिज बसतं. सगळंच पांढरं कॅल्साइट नसतं हं, झिओलाइट नावाचं दुसरं पांढरं खनिज असतं, त्यावर लिंबू पिळलं तर काही होत नाही, घरी जाऊन दोन्ही करून बघा.

आता हेच काम माणसाने मुद्दाम केलं आइसलँडमध्ये. तिथला दगडही बेसाल्ट. २०१२ साली हेलिशेडीच्या भूऔष्णिक वीजकेंद्राजवळ कार्बफिक्स प्रकल्पाने सुमारे २३० टन कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळवून ४०० ते ८०० मीटर खोल सोडला. दगड व्हायला शेकडो वर्षं लागतील असं लोक धरून चालले होते. पुढे निरीक्षणाच्या बोअरमधला पंप तुंबला, वर काढून बघतात तर त्यावर कॅल्साइटचा थर! बोअरच्या मोटारीवर क्षार चढलेले तुम्ही पाहिलेत ना, तसंच. हिशोब लागला तेव्हा दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झालेला होता. २०१६ मध्ये ते छापून आलं, मी तो कागद तीनदा वाचला आणि मला तात्यांची विहीर आठवली.

आणि इथेच माझं दुखणं आहे. आपल्या पायाखाली पाच लाख चौरस किलोमीटर बेसाल्ट आहे, पण कुठल्या गावाखाली किती खोलीवर मांजऱ्या, कुठे घट्ट पाषाण, कुठे गेरूचा पट्टा, हे कळायला बोअरची भुकटी बघावी लागते. बोअरची गाडी आली की करडी भुकटी उडते, मध्येच लाल होते, मध्येच पांढरट. ती जमिनीखालची वहीच आहे हो, आणि आपण ती वाऱ्यावर सोडतो! मी वर्षानुवर्षं दर दहा फुटांची चिमूटभर भुकटी पुड्यांत बांधून, गाव, गट नंबर, खोली लिहून पेट्या भरल्या. एका कार्यालयात ठेवायला दिल्या. रंगकाम निघालं तेव्हा वह्या रद्दीत गेल्या आणि पुड्या अंगणात ओतल्या. मला समजलं तेव्हा पाऊस होऊन गेला होता. आजही बोलताना घसा दाटतो.

चिठ्ठी आली, आठ मिनिटं राहिलीत. मग मूळ मुद्दे भराभर.

आइसलँडची पद्धत जशीच्या तशी आपल्याला चालणार नाही, १ टन वायूला साधारण २५ टन पाणी लागतं, मराठवाड्यात हे बोलायचीही सोय नाही. पण मुंबई ते रत्नागिरी किनाऱ्याखाली हाच दगड आहे आणि समुद्राचं पाणी वापरायचे प्रयोग सुरू आहेत, ते आपण लक्ष देऊन बघावेत. अमेरिकेत वॉलुला इथे २०१३ मध्ये जवळपास १००० टन वायू पाण्याशिवाय, दाबाखाली बेसाल्टमध्ये सोडला, तिथेही कार्बोनेट तयार झालं. त्याला मात्र ८०० मीटरच्या खाली जावं लागतं. कोयनेच्या खोल बोअरमध्ये बेसाल्ट ९३३ मीटर जाडीचा मिळाला, किल्लारीला फक्त ३३८ मीटर. म्हणजे परळी, भुसावळ, एकलहरे ही औष्णिक केंद्रं बेसाल्टवर असली तरी प्रत्येक ठिकाणी खाली किती जाडी आहे ते आधी मोजायला हवं. शिवाय १९६७ चा कोयनेचा भूकंप आपण विसरू शकत नाही, दाबाने काही आत सोडायचं तर भेगांचा अभ्यास आधी. आणि चिमणीतून वायू वेगळा काढणं हे खरं खर्चाचं काम, ते दगड करून देत नाही.

दुसरा रस्ता शेताचा. खडी फोडणाऱ्या क्रशरमधली बेसाल्टची बारीक भुकटी शेतात पसरायची, पावसाचं पाणी तेच काम करतं. भारतात लहान शेतकऱ्यांबरोबर हे करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझ स्पर्धेचं ५ कोटी डॉलरचं बक्षीस मिळालं. माझ्या मते आपल्या काळ्या रानात, जिथे आधीच चुनखडीचे खडे निघतात, तिथे फायदा कमी, कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत जास्त.

वेळ संपली. टेबलावर लिंबं आहेत, दोन्ही प्रकारचे दगड आहेत. दाराशी रिकाम्या पुड्या आणि पेन्सिली ठेवल्यात. या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे बोअर होणार असेल त्यांनी पन्नास-पन्नास घेऊन जा, दर दहा फुटाला एक चिमूट, वर गावाचं नाव आणि खोली. पेट्या आता मी माझ्या घरी ठेवतो.