भरती किती वाजता?

बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिली रांग रिकामीच आहे. आपल्याकडे पहिल्या रांगेत बसायचं म्हणजे माणसाला वाटतं आता याला स्टेजवर बोलावून नारळ देतील. पत्रिकेत विषय छापलाय ‘टेरिटोरियल आर्मी : मैदानी चाचणी आणि मुलाखतीची तयारी’, वेळ ४५ मिनिटं, त्यातली १० स्वागतात आणि दीपप्रज्वलनात गेली, खाडीवरचा वारा आत येत होता आणि समई तीनदा विझली. असो.

आधीच सांगून टाकतो, मी फौजी नाही. हायस्कूलला भूगोल शिकवतो. आणि मी टेरिटोरियल आर्मीच्या मुलाखतीत नापास झालेला माणूस आहे, तेही भूगोलात. म्हणूनच मला बोलावलंय असं सेक्रेटरी म्हणाले, पास झालेले सगळे बाहेर आहेत, गावात सापडतो तो मीच.

टेरिटोरियल आर्मी म्हणजे काय ते इथे बऱ्याच जणांना माहीत आहे, तरी पालक आलेत म्हणून दोन वाक्यं. आपला कामधंदा सांभाळून वर्षातले काही दिवस वर्दी घालायची, आणि सरकारने बोलावलं की जायचं. कायदा १९४८चा, उद्घाटन राजगोपालाचारींच्या हस्ते ९ ऑक्टोबर १९४९ला, ब्रीद ‘सावधानी व शूरता’. आपल्याला जवळची पलटण म्हणजे कोल्हापूरची १०९, मराठा लाइट इन्फन्ट्रीची, आंबा घाट चढला की आलीच. ही परमनंट नोकरी नाही हो काकी, तुम्ही मघापासून विचारताय म्हणून सांगतो, जेवढे दिवस बोलावतात तेवढ्या दिवसांचा पगार. पोरगा म्हणतो धोनी पण टेरिटोरियलमध्ये आहे. आहे ना, २०११ साली त्याला मानद लेफ्टनंट कर्नल केलं. मानद! आपल्याला कोण मानद करणार, आपल्याला लाइनीत उभं राहायचंय.

तर माझी गोष्ट. तेव्हा मी छत्तीसचा. अधिकारी व्हायला १८ ते ४२ वय चालतं, पदवी लागते आणि मुख्य म्हणजे पोटापाण्याचा उद्योग लागतो, बेकार माणूस तिथे चालत नाही, हे मला फार आवडलं होतं. लेखी पास झालो. मग नोकरीच्या ठिकाणची एनओसी. आमच्या क्लार्कला वाटलं सर नोकरी सोडून सीमेवर चालले, त्याने स्टाफरूममध्ये वर्गणी काढली, शाल-श्रीफळ आणलं, दोघीजणी रडल्या. मी म्हटलं अहो वर्षातून दोनच महिने, सुट्टीतच जाईन. तर म्हणाले मग श्रीफळ परत द्या. दिलं. एनओसीला मात्र चार महिने लागले, हेडसरांची सही झाली तर संस्थेचा शिक्का सापडेना, शिक्का सापडला तर शाई वाळलेली. तो शिक्का शेवटी प्रयोगशाळेच्या कपाटात सांगाड्याच्या पायाशी मिळाला, तिथे तो कसा गेला ते आजतागायत कळलेलं नाही आणि विचारायचीही सोय नाही कारण ते कपाट माझ्याच ताब्यात होतं.

मग पुण्याला मुलाखत. रातराणीने गेलो, रात्रभर घाटात झोप नाही, सकाळी स्टँडवर तोंड धुतलं, शेजाऱ्याचा टाय बांधला, तो त्याने लग्नानंतर सोडलाच नव्हता, गाठ आहे तशीच गळ्यात अडकवली. आत तीन अधिकारी. दोघांनी इंग्रजीत विचारलं, मी उत्तरं पाठ केलेली होती, संरक्षण खातं, शेजारी देश, अर्थसंकल्प, सगळं फाडफाड. तिसरे मराठी निघाले, बोलण्यावरून साताऱ्याकडचे असावेत, शांत बसून होते. माझा फॉर्म बघत म्हणाले, ‘रत्नागिरी का. बरं मग सर, आज भरती किती वाजता?’

मी म्हटलं, ‘सर, रिपोर्टिंग सकाळी आठला होतं.’

हसा, हसा. तेही हसले. म्हणाले, ‘अहो ती भरती नव्हे, समुद्राची.’ आणि मी काय करावं? मी चंद्राचं गुरुत्वाकर्षण काढलं, सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत आणले, हवेत बोटाने आकृती काढायला लागलो, खडू असता तर भिंतीवर काढली असती. त्यांनी हात वर केला. ‘मास्तर, भरती का येते ते मला माहीत आहे. किती वाजता येते ते तुम्ही सांगा, तुम्ही तिथे राहता.’ मी गप्प. घरापासून पुळण, म्हणजे समुद्राची वाळू, चारशे पावलांवर. जन्म गेला तिथे. मी म्हटलं, ‘सर, पंचांग बघून सांगतो.’

झालं.

परत येताना स्टँडवर डबा उघडला. आत साबुदाण्याची खिचडी. त्या दिवशी एकादशी होती, आणि एकादशी आहे हे मला माहीत होतं! आमच्या शेजारी अण्णा राहतात, होडीवाले, चौथी शिकलेत, त्यांना रात्री ही गोष्ट सांगितली तर ते जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाले, ‘सव्वाआठ. त्यात काय.’ तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, एकादशीला सव्वाआठ, पुनवेला सव्वाअकरा, थोडंफार इकडेतिकडे. सकाळी तेवढ्याला आणि रात्री पुन्हा साधारण तेवढ्यालाच, दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटं जातात. म्हणजे उत्तर माझ्या डब्यात होतं, आणि मी चंद्राला कामाला लावत होतो.

आता तुम्ही म्हणाल सरांनी स्वतःचं रडगाणं लावलं. नाही, मला मांडायचंय तेच मुळी हे. गेली काही वर्षं रविवारी पोरं घेऊन पळवतो, आणि माझं म्हणणं असं की आपली पोरं मैदानात नापास होतात आणि मुलाखतीत नापास होतात त्याचं कारण एकच आहे, ती आपल्या दारातली गोष्ट बघत नाहीत. पळण्याचंच घ्या. जवानाच्या भरतीला १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटांत आलात तर ६० मार्क, ५ मिनिटं ४५ सेकंदांपर्यंत आलात तर ४८, त्याच्या पुढे दोरी आडवी येते आणि तुम्ही घरी. पोरं काय करतात, रोज पहाटे साडेपाचचा गजर लावतात आणि पुळणीवर जातात. रोज साडेपाच! समुद्र काय तुमच्या गजरावर चालतो? पुनव-अमावास्येच्या आसपास पहाटे ओहोटी असते, उधाणाचे दिवस, पाणी लांब गेलेलं, ओली वाळू अशी कडक की सायकल चालवा. आठवड्याने अष्टमीला त्याच वेळी भरती. भांगाचं पाणी, फार चढत नाही, पण कडक पट्टा तेवढा झाकून टाकतं, आणि तुमच्या वाट्याला येते वरची भुसभुशीत. त्यात पोरगं टाच रुतवत पळतं, पोटऱ्या भरून येतात, घोटा मुरगळतो, आणि वर म्हणतं सर, माझा टायमिंग या आठवड्यात का घसरला. अरे बाबा, तुझा टायमिंग घसरला नाही, तिथी बदलली!

आणि पुळण उतरती असते हेही कोणी बघत नाही. एकाच दिशेने पळत राहिलात तर समुद्राकडचा पाय कायम खाली, महिन्याभरात एक गुडघा बोलायला लागतो. जेवढं जाल तेवढंच परत या. अनवाणी पळायची ज्यांना सवय आहे त्यांनी भरतीच्या महिनाभर आधी बूट घालून कडक जमिनीवर पळायला लागा, वर सड्याच्या माळावर जा, कातळ टाळून मातीचा पट्टा धरा. एका पोराने भरतीच्या आदल्या दिवशी नवे बूट घेतले, पहिल्याच चक्करला टाचेला फोड, तिसऱ्याला बूट हातात. ग्राउंडबद्दल मी बोलत नाही. आमच्याकडचं ग्राउंड नोव्हेंबर ते मे टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला असतं, जूनपासून त्यात बेडूक असतात.

हां, चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. सेक्रेटरी, चहा तेवढा थांबवा, चहा दिसला की लोक उठतात.

पण माणगावचं सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. मुंबईला जाताना माणगावला ट्रॅफिकमध्ये तासतास अडकता ना, शिव्या घालता ना, तिथे यशवंत घाडग्यांचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, गाव पळसगाव, माणगाव तालुका. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं खोरं. सेक्शनमधले सगळे एक तर पडले किंवा जखमी झाले, हा एकटा उरला, मशीनगनवर धावून गेला, ग्रेनेड टाकला, गोळ्या झाडल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं, आणि मग लपून बसलेल्या शत्रूच्या गोळीने गेला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. मी एका पोराला विचारलं, तुझ्या कोकणातला एखादा शूर सैनिक सांग, तर त्याने पिक्चरमधल्या हिरोचं नाव सांगितलं. पोरगा रोह्याचा. रोह्यापासून माणगाव किती लांब आहे?

आता तयारी, भराभर सांगतो, लिहून घ्या.

पळणं. १.६ किलोमीटर म्हणजे चारशे मीटरच्या चार चकरा, साडेपाच मिनिटांचे ३३० सेकंद, म्हणजे चक्करला साधारण ८२. भरतीला शंभरेक पोरं एकदम सुटतात, धूळ उडते, सगळे पहिली चक्कर सत्तरमध्ये मारतात आणि तिसरीत मरतात. कडेने सुटा, पहिली चक्कर ८० ला ठेवा. आठवड्यातून एकदा चारशेच्या सुट्या चकरा, एकदा लांब हळू पाच किलोमीटर, बाकी दिवस साधं.

बीम, म्हणजे पुल-अप्स. याच्यावर मला अर्धा तास बोलायचं होतं. १० मारले तर ४० मार्क, ६ मारले तर १६. आपली पोरं म्हणतात आम्ही माडावर चढतो, आम्हाला काय बीम. अरे, माडावर पाय काम करतात. बीमला पाय लोंबत असतात आणि झोका घेतलात तर मोजत नाहीत. हात पूर्ण सरळ, मग हनुवटी वर. ज्याला एकही येत नाही त्याने स्टुलावरून उडी मारून वर जायचं आणि सावकाश खाली यायचं, तेच तीन आठवडे. माझ्या पडवीत दोन वाशांना पाइप बांधलाय, बायको त्यावर पापडाचं कापड वाळत घालते, तेवढं बाजूला करून या.

बाकी नऊ फुटी खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग पट्टीवरचा बॅलन्स, ते पास व्हायचं फक्त. उंची १६० सेंटिमीटर, वजन ५०, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त, फुगवायचा सराव करा, टेप लागल्यावर पोरं श्वासच विसरतात. मेडिकलच्या आठवडाभर आधी डॉक्टरकडून कान साफ करून घ्या, समुद्रात डुंबणाऱ्यांनी तर नक्कीच. मशेरी, तंबाखू सोडा, दात बघतात. कोपराखाली आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असेल तेवढंच गोंदण चालतं, इतर ठिकाणचं शक्यतो चालत नाही, म्हणून शिमग्याच्या जत्रेत मानेवर काही काढून घेऊ नका. जाहिरात निघाली की आकडे त्यातलेच धरायचे, माझे नाहीत. कागद आधी जमवा, चारित्र्याच्या दाखल्याला सही लागते आणि सरपंच नेमके तेव्हाच मुंबईला असतात.

मुलाखत. ती मुख्यतः अधिकारी व्हायचं त्यांना. लेखीत प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० हवेत, मग मुलाखत, मग एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या, पाच दिवस. तिथे एका परीक्षेत ६० शब्द दाखवतात, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. पाठांतराला तिथे जागाच नाही. आणि आपली एक खोड. कोकणातल्या माणसाला विचारा काय करतोस, तो म्हणणार, ‘काय नाय, असंच, घरीच असतो.’ अरे, घरीच असतोस म्हणजे? तू बाबांबरोबर होडी काढतोस, इंजिन बंद पडलं तर फिल्टर काढून फुंकर मारतोस, वादळाची सूचना आली की बारा होड्या ओढून वर घेतोस, कोणाला कुठे धरायचं ते तूच ओरडून सांगतोस. पलटणीत याला नेतृत्व म्हणतात आणि तू त्याला ‘काय नाय’ म्हणतोस! मुलींनीही, अधिकाऱ्यांच्या जागा आता मुलींनाही आहेत, तुम्ही बचत गटाचे हिशेब लिहिता तेही सांगा. मोठं करून सांगू नका, पण गिळूही नका. दर रविवारी एकमेकांना दहा प्रश्न विचारा, फक्त गावातले. नदीचं नाव काय, धक्क्यावर बर्फ कुठून येतो, आंब्याची पेटी किती डझनाची, एसटी किती वाजता आणि का उशिरा.

दुसरी चिठ्ठी आली. यावर फक्त ‘सर’ लिहिलंय.

बरं, उद्या ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी हात वर करा. सात, आठ, तो मागचा धरून नऊ. कुठे यायचं ते मी सांगणार नाही. उद्या तिथी काय? बघा, भिंतीवर कालनिर्णय आहे. अष्टमी. आठाची पाऊणपट? मोठ्याने. सहा. म्हणजे सहाला भरती. मग पुळणीवर जायचं का?

हां. सड्यावर, साडेपाचला. बूट घालून या. आता आणा तो चहा.