जड मोटारसायकल सोडून हलकी घेताना : कोकणातल्या रस्त्यांचा हिशेब

नमस्कार. मोठी मोटारसायकल विकून लहान आणि हलकी घ्यावी का, असे विचारणारे प्रेक्षक अलीकडे वाढले आहेत, आणि त्यांत दोन प्रकारची माणसे दिसतात. नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यात असताना साडेचारशे किंवा साडेसहाशे सीसीची गाडी घेतलेले आणि आता निवृत्तीनंतर गुहागर, देवगड, मालवणकडे गावच्या घरी राहायला आलेले काही जण. आणि पहिल्यापासून इथेच असलेले, पण पन्नाशीनंतर कंबर व गुडघे यांचे ऐकावे लागणारे काही जण. दोघांनाही माझे सांगणे एकच असते. आपली गाडी सर्वांत वेगाने कुठे धावणार आहे हे क्षणभर बाजूला ठेवा आणि ती सर्वांत हळू कुठे चालवावी लागते, किंबहुना कुठे हाताने ढकलावी लागते, ती जागा आधी पाहून या. कोकणात गाडी किती मोठी असावी हे त्या जागेवर ठरते.

आपल्याकडे घर बहुधा रस्त्याच्या पातळीवर नसते. रस्त्यावरून चिऱ्यांची किंवा काँक्रीटची उतरती वाट जाते, तिच्या दोन्ही अंगांना गडगे, म्हणजे दगडी कुंपणे असतात आणि खाली खळे, म्हणजे अंगण असते. गाडी खाली नेण्यात काहीच अडचण येत नाही. पण खळ्यात तुळशीवृंदावन, आंब्याचे खोके आणि मांडवाचे खांब असल्यामुळे ती वळवायला जागा उरली नसेल, तर सकाळी तीच गाडी मागच्या मागे चढावर ढकलावी लागते. दहा फुटांत एक फूट चढ असलेल्या वाटेवर, घर्षण हिशेबात धरले नाही तरी, गाडीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका जोर सतत लावावा लागतो. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० चे इंधन-तेलासह वजन सुमारे २१८ किलो आहे, म्हणजे जवळजवळ बावीस किलोंचा जोर. होंडाची युनिकॉर्न सुमारे १४० किलोंची, म्हणजे चौदा. कागदावर हा फरक आठ किलोंचा दिसतो. श्रावणात चिऱ्यावर शेवाळ धरलेले असताना आणि पायांत चपला असताना तो कितीतरी मोठा होतो, कारण जोर लावणाऱ्या माणसाचे पायच जागेवर राहत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट कलण्याची आहे. मोटारसायकल सरळ उभी असते तेव्हा तिचे वजन चाके पेलत असतात आणि आपल्याला ते जाणवत नाही, म्हणूनच शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर दोनशे किलोंची गाडीसुद्धा हलकी वाटते. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आणि हँडल एक मीटर उंचीवर आहे असे ढोबळमानाने धरू.

(पडद्यावर : उभी, दहा अंश आणि वीस अंश कललेली मोटारसायकल, शेजारी आकडे.)

गाडी दहा अंश कलली की २१८ किलोंच्या गाडीला हँडलपाशी सुमारे एकोणीस किलोंचा आधार द्यावा लागतो आणि वीस अंश कलली की तो सदतीस किलोंच्या आसपास जातो. १४० किलोंच्या गाडीसाठी हेच आकडे बारा आणि चोवीस असे येतात. दहा अंशांवर दोन्ही गाड्या सावरता येतात. वीस अंशांवर एक सावरते आणि दुसरी बहुतेकांच्या हातून सुटते. त्यात भर पेट्रोलची पडते. हिमालयन ४५० ची टाकी सतरा लिटरची आहे, आणि ती पूर्ण भरली की सुमारे साडेबारा किलो वजन गाडीच्या अगदी वरच्या भागात येऊन बसते. रोजच्या फिरण्यासाठी टाकी काठोकाठ भरू नये, असे मी जड गाडी ठेवणाऱ्यांना सांगतो ते यामुळेच.

गाडी अशी कलण्याचे प्रसंग आपल्या रस्त्यांवर रोज येतात. एकेरी डांबरी रस्त्याच्या वळणावर समोरून एस.टी. आली की दुचाकीस्वाराने साइडपट्टीवर उतरायचे, हा इथला अलिखित नियम आहे. डांबराची कड पावसाने खचून कुठे कुठे चार बोटे खाली गेलेली असते आणि खाली ओला जांभा किंवा भुसभुशीत लाल माती असते. गाडी थांबवून पाय टेकवला आणि तिथे जमीन अपेक्षेपेक्षा खाली लागली, तर त्या एका क्षणात आपण वर सांगितलेल्या वीस अंशांपर्यंत पोचतो. एस.टी. निघून गेल्यावर तीच कड पुन्हा चढून वर यायचे असते, हे वेगळेच. अशा मातीत साइड स्टँडही रुततो. जड गाडीवाल्याने डिकीत जांभ्याची एक सपाट कपची किंवा फळीचा तुकडा ठेवलेला बरा.

दुसरी जागा जंगल जेट्टीची, म्हणजे माणसांना गाड्यांसह खाडीपार नेणाऱ्या बोटीची. दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ, वेसवी ते बागमांडला, आगरदांडा ते दिघी या फेऱ्यांमुळे खाडीला घालावा लागणारा मोठा वळसा वाचतो, आणि किनाऱ्याने फिरणाऱ्याला त्या टाळून चालत नाही. भरतीच्या वेळी धक्क्याचा थोडाच उतार पाण्याबाहेर असतो; ओहोटी लागली की एरवी बुडालेला शेवाळी भाग उघडा पडतो आणि त्यावरून खाली उतरून बोटीच्या लोखंडी फळीवर चढावे लागते. फळी खाऱ्या पाण्याने ओली असते, मागे मोटारी उभ्या असतात आणि बोटीवरचा माणूस हात करून घाई करत असतो. चढल्यावरही काम संपत नाही, कारण दुचाक्या मोटारींच्या फटीत कडेला लावायच्या असतात आणि ते सारे पाय टेकत, गाडी इंच इंच सरकवत करावे लागते. पुढचा ब्रेक अशा जागी दाबू नये, मागचा हलकेच धरावा आणि फळी सरळ रेषेत पार करावी, एवढे पथ्य प्रत्येक गाडीला लागू आहे. जड गाडी या ठिकाणी चूक पोटात घालत नाही, इतकेच.

आता निवडीकडे वळू, आणि इथे बहुतेकांची गल्लत होते ती सीसी आणि वजन एकच मानल्यामुळे.

(पडद्यावर : गाड्यांची नावे आणि वजने.)

हिमालयन ४५० चे वजन सुमारे १९६ किलो आहे. ती विकून ‘लहान’ म्हणून क्लासिक ३५० घेतली, तर तिचे वजन १९५ किलोंच्या आसपास भरते. इंजिन शंभर सीसीने लहान झाले, ताकद चाळीस पीएसवरून (म्हणजे अश्वशक्तीवरून) वीसवर आली आणि ढकलण्याचे ओझे मात्र जवळपास होते तेवढेच राहिले. क्लासिक वाईट गाडी आहे असे मी म्हणत नाही. तिची बैठक कमी उंच आहे आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर ती छान ओढते. पण वजनाच्या तक्रारीवर ती औषध नव्हे. हंटर ३५० सुमारे १८१ किलोंची आहे, म्हणजे थोडा फरक पडतो. खरा फरक त्याखाली सुरू होतो : टीव्हीएसची रोनिन आणि हीरोची एक्सपल्स २०० या १६० किलोंच्या आसपास आहेत, युनिकॉर्न १४० च्या, आणि स्प्लेंडर तर सुमारे ११२ किलोंचीच आहे. माझ्या मते जुन्या गाडीपेक्षा निदान तीस-पस्तीस किलो कमी होत नसतील, तर एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

वजन कमी झाले म्हणजे पाय टेकलेच असेही नाही. एक्सपल्स २०० ४व्ही ची बैठक जमिनीपासून ८२५ मिलिमीटरवर आहे, आणि हिमालयन ४५० ची बैठकही सर्वांत खाली बसवली असता तेवढीच असते. खाचखळग्यांच्या रस्त्याला एक्सपल्ससारखी दुसरी हलकी गाडी शोधूनही लवकर सापडणार नाही, पण पाच फूट चार इंच उंचीच्या माणसाला साइडपट्टीवर ती चवड्यांवरच पेलावी लागते. रोनिनची बैठक ७९५ मिलिमीटरवर आणि युनिकॉर्नची ७९८ वर आहे. आकड्यापेक्षाही बैठकीची रुंदी महत्त्वाची ठरते, कारण रुंद बैठकीवर मांड्या फाकतात आणि पाय तेवढे वर राहतात. त्यासाठी प्रत्यक्ष बसून पाहण्याखेरीज उपाय नाही.

डबलसीटचा विचार तर पुरुष मंडळी हमखास विसरतात. घरातील आई किंवा पत्नी साडी नेसून एका बाजूला बसणार असेल, तर उंच बैठकीच्या गाडीवर चढणे तिच्यासाठी रोजची कसरत होते, आणि एका बाजूला बसलेल्या माणसामुळे हलक्या गाडीचा तोल जड गाडीपेक्षा अधिक ढळतो. पायटेकू, साडीगार्ड आणि मागे धरायची दांडी या गोष्टी नंतर बसवून घेता येतात. बैठकीची उंची तशी बदलता येत नाही. खरेदीला जाताना मागे बसणारी व्यक्ती बरोबर हवी, आणि तिचे मत आपल्या मताइतकेच मोजावे.

हलक्या गाडीची दुसरी बाजूही सांगायला हवी. घाटात ती थांबते असा एक समज आहे, तो खरा नाही. आंबा घाट काय किंवा कुंभार्ली काय, दोन माणसे घेऊन दीडशे सीसीची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निमूटपणे चढते. फरक तिच्या वागण्यात आहे. रोनिनचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मिनिटाला ३,७५० फेऱ्यांवरच सर्वाधिक असतो, एक्सपल्स २०० ४व्ही चा ६,५०० वर. पहिली चढावर सावकाश ओढत राहते; दुसरीला गिअर उतरवून इंजिन वाजते ठेवावे लागते, आणि मोठ्या इंजिनाची सवय असलेल्याला सुरुवातीला तो आवाज म्हणजे गाडीचा छळ वाटतो. तसे काही नसते. साखरप्याकडे आंबा घाट उतरताना मात्र लहान इंजिन गाडीला कमी रोखून धरते, त्यामुळे आधीपेक्षा एक गिअर खाली राहावे, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

हलकी गाडी उणी पडते ती राष्ट्रीय महामार्ग ६६ वर. चौपदरी भागात ऐंशीच्या वेगाने चाललेल्या दीडशे सीसीच्या गाडीपाशी ट्रेलर ओलांडण्यापुरती शिल्लक ताकद फार थोडी असते, आणि डबलसीट व सामान असेल तर ती नाहीच असे समजून चालवावे. मोठे वाहन शेजारून गेले की वाऱ्याचा झोत तिला बाजूला सारतो. महिन्यातून दोनदा रत्नागिरी-मुंबई असे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर दुचाकीनेच करायचे असेल, तर दोनशे सीसीच्या खाली जाऊ नये. वर्षातून एकदाच जायचे असेल, तर त्या एका प्रवासासाठी बारा महिने दोनशे किलो ढकलण्यापेक्षा कोकण रेल्वेचे तिकीट काढावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

किती खाली यावे याची एक मर्यादा मी ब्रेकवरून ठरवतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाले आणि त्याखालच्यांना सीबीएस पुरेसे मानले गेले. सीबीएसमध्ये दोन्ही चाकांना ब्रेक वाटून लागतो, पण चाक जाम होण्याचे थांबत नाही. पहिल्या पावसात लाल मातीचा पातळ थर डांबरावर पसरतो तेव्हा चाक जाम न होणे हीच मोठी गोष्ट असते, म्हणून मोठी गाडी सोडणाऱ्याने १२५ सीसीच्या वरच राहावे. एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे की दोन्ही चाकांना, हेही विचारून घ्यावे.

खाऱ्या हवेबद्दल थोडक्यात. आऱ्यांची चाके आणि उघडी चेन समुद्राकाठी लवकर गंजतात. अलॉय चाके, ट्यूबलेस टायर आणि शक्य तर पूर्ण चेनकव्हर असलेली गाडी इथे कमी त्रास देते. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत गाडी नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी.

पैशांच्या बाबतीत ३५० सीसी ही रेषा आता फार महत्त्वाची झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक हप्ता, कर वगळून, ३५० सीसीच्या वर २,८०४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये आहे. युनिकॉर्न १६२.७ सीसीची असल्याने मधल्या गटात येते. नव्या गाडीला हा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवून अंदाजपत्रक करावे.

जुनी गाडी विकताना मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरावे लागतात. कर्ज फेडलेले असेल तर बँकेचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५, आणि खरेदीदार गोव्याचा असेल तर परराज्यात नोंदणीसाठी ना-हरकत म्हणून फॉर्म २८. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट आधी बसवून घ्या. विम्यावरची नो क्लेम बोनसची, म्हणजे दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे विक्रीनंतर विमा कंपनीकडून तसे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या दुचाकीच्या विम्यात ती सवलत वापरता येते. आणि नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचे परिवहन विभागाच्या पोर्टलवर दिसेपर्यंत सह्या केलेल्या कागदांच्या प्रती जवळ ठेवा, कारण तोपर्यंत त्या गाडीचे प्रत्येक ई-चलन आपल्याच नावावर निघत राहते.